तव्यावरचं हेवी मेटल

चीजबर्गरवर गमतीच्या कविता रचणारे खवय्ये आणि कानठळ्या बसवणारं हेवी मेटल. या दोघांचा संबंध काय, असं कुणालाही वाटेल. पण या संगीताच्या दारापाशी बिचकून उभा राहिलेला माणूस कित्येकदा बर्गरच्या वासाने आणि यमकाच्या गमतीनेच आत खेचला जातो!

रंगमंचावर धूर पसरलेला. एका बाजूला बर्गर भाजायची जाळी. मागे डोळ्यांतून लेझरचे किरण सोडणारी विदूषकांची अजस्र मुंडकी. आणि मधोमध लाल केसांचा, तोंडाला रंग फासलेला एक विदूषक माईक धरून भेसूर आवाजात गातोय. काय गातोय? सैतान, युद्ध, प्रलय? छे! तो गातोय पाव, मांस आणि फ्राईंग पॅनबद्दल.

हा आहे 'मॅक सॅबथ' नावाचा बँड. 2014 च्या सुमारास अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसमध्ये तो उभा राहिला. 'ब्लॅक सॅबथ' या हेवी मेटलच्या आद्य बँडच्या चाली जशाच्या तशा घ्यायच्या आणि शब्द मात्र फास्ट फूडचे घालायचे, हा यांचा उद्योग. मूळचं 'आयर्न मॅन' इथे 'फ्राईंग पॅन' होतं, 'पॅरानॉईड'चं 'पेअर-अ-बन्स', म्हणजे पावांची जोडी होते. गायकाचं नाव रोनाल्ड ऑसबॉर्न, गिटारवाला स्लेअर मॅकचीज. खरी नावं गुलदस्त्यात. हसता हसता ही मंडळी कारखान्यात तयार होणाऱ्या निकृष्ट अन्नाला भरपूर चिमटे काढतात, हेही सांगायला हवं.

मराठी वाचकाला हा प्रकार नवा वाटू नये. आचार्य अत्र्यांनी केशवकुमार या नावाने 1925 साली 'झेंडूची फुले' काढली आणि तेव्हाच्या गंभीर कवींची अशीच फिरकी घेतली. विडंबन करणाऱ्याला मूळ रचना तोंडपाठ असावी लागते. त्याशिवाय टोपी उडवता येत नाही. मॅक सॅबथचे वादकही मूळ चाली इमानेइतबारे वाजवतात. त्यामुळे बर्गरचं गाणं ऐकून पोट धरून हसलेला माणूस घरी जाऊन मूळ गाणं शोधतो, आणि मग त्याची गाठ पडते ती एका विलक्षण हकीकतीशी.

कापलेली बोटं, खोल गेलेला सूर

इंग्लंडमधलं बर्मिंगहॅम हे कारखान्यांचं शहर. तिथल्या ॲस्टन भागातला टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरी सोडायचा शेवटचा दिवस, आणि नेमक्या त्याच दिवशी यंत्राखाली सापडून उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तुटली. टोनी डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात हाच! गिटार संपली असंच त्याने धरून चाललं होतं. पण कारखान्यातल्या वरिष्ठाने त्याला जँगो राईनहार्ट या वादकाची तबकडी ऐकवली. आगीत हात भाजल्यामुळे राईनहार्टची दोन बोटं निकामी झाली होती आणि उरलेल्या बोटांनी तो अप्रतिम वाजवत असे. टोनीने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणं केली, त्यावर चामडं चिकटवलं, बारीक तारा लावल्या. पुढे बोटांवरचा ताण कमी व्हावा म्हणून तारा सैल सोडल्या. तारा सैल झाल्या आणि सूर खाली, जड आणि काळोखा झाला. हेवी मेटलचा तो ओळखीचा खर्ज असा जखमेतून जन्मला.

त्याचा गायक ऑझी ऑसबॉर्न गाण्याआधी मोटारींचे हॉर्न तपासायच्या कारखान्यात आणि नंतर चक्क कत्तलखान्यात काम करत असे. बर्गरशी नातं असं थेट! 13 फेब्रुवारी 1970 रोजी, शुक्रवारी, 'ब्लॅक सॅबथ'चा पहिला अल्बम आला. 5 जुलै 2025 रोजी त्याच ॲस्टनमधल्या व्हिला पार्क मैदानावर चौघे शेवटचे एकत्र वाजले आणि त्यानंतर सतराच दिवसांनी, 22 जुलैला, ऑझी गेला.

यमकात तोलला बर्गर

आता कवितेकडे. खाण्यावर कविता करणं हा जुना आणि सन्माननीय नाद आहे. स्कॉटलंडचा महाकवी रॉबर्ट बर्न्स याने 1786 मध्ये हॅगिसवर, म्हणजे मेंढीच्या काळीज-फुप्फुसाच्या पुडिंगवर, वीररसपूर्ण स्तोत्र रचलं. आजही दर 25 जानेवारीला, बर्न्सच्या जन्मदिवशी, स्कॉटिश माणसं ते खड्या आवाजात म्हणतात आणि ठरलेल्या ओळीला हॅगिसमध्ये सुरी खुपसतात. एका पुडिंगला रणांगणावरच्या योद्ध्याचा थाट द्यायचा, गंमत आहे ती यात. आपल्याकडे पंगतीत घास भरवताना घेतला जाणारा उखाणा काय वेगळं करतो? जिलबीच्या ताटापासून श्रीखंडाच्या वाटीपर्यंत सगळं यमकात बसवून झालंय.

चीजबर्गरला अशा कवितेची खास गरज आहे, कारण गद्यात त्याच्याबद्दल लिहायला फारसं काही नसतं. पाव, मांसाची चकती, वर वितळलेलं चीज. 'चवदार होता', 'रसदार होता' यापलीकडे परीक्षकाची धाव जात नाही. मग हौशी खवय्ये यमकाला हात घालतात. मराठीत असं परीक्षण कुणी लिहिलंच, तर ते उखाण्याच्या वळणाने जाईल:

पावाच्या दोन पाळ्या, मधे चीज गेलं वितळून,
चार घासांत बर्गर संपला, शर्ट मात्र टाका उकळून!

आणि बर्गर फसला असेल तर परीक्षण असं:

कांदा होता कडक, अन् पाव होता गार,
चीज म्हणालं, 'वितळणार नाही, काय करणार?'
गरम म्हणावं असं फक्त एकच आलं ताटात,
बिल! ते मात्र चटका देऊन गेलं हातात.

हायकूतही हे जमतं. अत्र्यांच्याच कन्या शिरीष पै यांनी हायकू मराठीत रुजवला. तीन ओळी, एक क्षण, बस्स:

तव्यावर चुर्र झालं
कडेचं चीज करपून कुरकुरीत
तेवढंच आधी खाल्लं.

गंमत बाजूला ठेवली तरी या ओळींनी खरं परीक्षण केलेलं असतं. चीज वितळलं की नाही, हाच तर चीजबर्गरचा कळीचा प्रश्न. साधं मुरवलेलं चीज तापवलं की तूप वेगळं आणि चोथा वेगळा होतो. जेम्स क्राफ्टने 1916 मध्ये प्रक्रिया केलेल्या चीजचं पेटंट घेतलं. अशा चीजमध्ये पुढे विशिष्ट क्षार घालू लागले, त्यामुळे स्निग्धांश सुटत नाही आणि पिवळी चकती मांसावर शालीसारखी पसरते.

मेन्यूकार्डात 'संताप'

खाणं आणि मेटल एकाच छपराखाली आणलं ते शिकागोने. तिथल्या ॲव्हनडेल वस्तीत 2005 मध्ये 'कुमाज कॉर्नर' नावाचं खाद्यगृह सुरू झालं. पाव किलोहून जड मांसाची चकती, प्रेट्झलच्या पिठाचा पाव, आणि प्रत्येक बर्गरला एकेका मेटल बँडचं नाव. (चकती गोमांसाची. आपल्यापैकी अनेकांना ती चालणार नाही, मेन्यूकार्ड वाचायला मात्र हरकत नसावी.) 'ब्लॅक सॅबथ' मागवला तर काळपट मसाला, चिली आणि तिखट चीज. 'आयर्न मेडन'मध्ये ॲव्होकाडो आणि मिरच्या. 'ज्युडास प्रीस्ट'वर सफरचंद, अक्रोड आणि निळं चीज. 'स्लेअर'ला तर पावच नाही. बटाट्याच्या काड्यांच्या ढिगावर सगळं रचलेलं, आणि घटकांच्या यादीत शेवटचा शब्द छापलेला: 'संताप'! हे मेन्यूकार्ड म्हणजे कवितेचंच एक रूप म्हणायचं.

तिथे संगीत इतक्या जोरात लागतं की शेजारच्याशी बोलणं मुश्कील. गिऱ्हाईक येतं खायला. ऐकायचा त्याचा काहीच इरादा नसतो. पण घास तोंडात आणि गिटार कानात, अशी पाऊण तास बैठक झाली की गोंगाटातून आकार दिसू लागतात. आपल्या कानांना ते समजून घेणं अवघडही नाही. मेटलमधली 'पॉवर कॉर्ड' म्हणजे मुळात षड्ज आणि पंचम, आपल्या तंबोऱ्याची जोडी! यंत्राच्या ताकदीबाहेर आवाज चढवला की ध्वनिलहरींचे माथे छाटले जातात आणि खरखरीत, भरीव नाद उमटतो. त्या खरखरीत बाकीचे स्वर एकमेकांत गुंतून चिखल होतो, पण सा-प टिकून राहतात. आणि 'ब्लॅक सॅबथ' याच नावाच्या गाण्यात टोनी आयोमी षड्जावरून जातो तो तीव्र मध्यमावर. यमनमध्ये जो स्वर संध्याकाळ प्रसन्न करतो, तोच इथे अंगावर काटा आणतो.

घरच्यांची काळजी

तरीही काळे टी-शर्ट, कवट्यांची चित्रं आणि ते ओरडणं पाहून आईवडिलांच्या पोटात गोळा येतोच. ही काळजी अमेरिकेच्या संसदेपर्यंत गेली होती. 19 सप्टेंबर 1985 रोजी सिनेटच्या समितीपुढे गाण्यांच्या शब्दांवर सुनावणी झाली. 'ट्विस्टेड सिस्टर'चा डी स्नायडर जीन्स आणि केसांच्या जंजाळासह साक्षीला आला. ज्या गाण्यात विकृत छळ आहे असा आरोप होता, ते गाणं आपल्या गिटारवादकाच्या घशाच्या शस्त्रक्रियेच्या भीतीवर लिहिलंय, असं त्याने शांतपणे सांगितलं. त्यानंतर अल्बमवर पालकांसाठी इशारा छापण्याची पद्धत रूढ झाली.

1990 मधला खटला याहून गंभीर होता. नेवाडातल्या दोन तरुणांनी 1985 मध्ये स्वतःवर गोळी झाडली. एक जागीच गेला, दुसरा तीन वर्षांनी. 'ज्युडास प्रीस्ट'च्या तबकडीत छुपा संदेश असल्याचा कुटुंबीयांचा दावा होता. तो आवाज योगायोगाने जुळून आलेला आहे आणि मृत्यूचं कारण तो ठरत नाही, असा निकाल न्यायाधीशांनी दिला. त्या घरांचं दुःख निकालाने कमी झालं नसणार. पण मुलगा काय ऐकतो यावर नजर ठेवताना तो गप्प का झालाय, हे विचारायचं राहून जाऊ नये, एवढं या प्रकरणावरून पालकांनी जरूर मनावर घ्यावं.

थट्टेलाही कुंपण असतं. ऑक्टोबर 2013 मध्ये 'कुमाज'ने स्वीडनच्या 'घोस्ट' बँडच्या नावे बर्गर काढला आणि त्यावर चर्चमधल्या प्रसादाची पातळ चकती ठेवली, मंतरलेली नव्हे, साधी. तरी कॅथलिक मंडळी दुखावली. मालकांनी एका कॅथलिक सेवासंस्थेला 1500 डॉलर देऊ केले, संस्थेने ते नाकारले. इतरांच्या श्रद्धेला तोंडी लावणं करायची काही गरज नव्हती. सफरचंद आणि अक्रोडावर तेवढीच गंमत करता आली असती!

ज्यांना मेटलमध्ये कविता हवी त्यांनी 'आयर्न मेडन' ऐकावा. कोलरिजच्या 1798 मधल्या वृद्ध खलाशाच्या दीर्घकाव्यावर त्यांनी 1984 मध्ये तेरा मिनिटांहून मोठं गाणं केलं. गायक ब्रूस डिकिन्सन हा परवानाधारक वैमानिक. 2008 च्या जगदौऱ्यावर बँडला घेऊन निघालेलं बोइंग तो स्वतः चालवत होता. त्या दौऱ्याचा पहिला कार्यक्रम 1 फेब्रुवारीला मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलात झाला.

मुंबईची आणखी एक कडी आहे. साहिल मखिजा हा 'डिमॉनिक रिझरेक्शन' या 2000 साली सुरू झालेल्या मुंबईकर बँडचा गायक आणि गिटारवादक. घसा फाडून गाणाऱ्या या गृहस्थाने 'हेडबँगर्स किचन' नावाचा पाककृतींचा कार्यक्रम काढला. मेटलवाल्यांशी गप्पा मारायच्या आणि त्यांच्या नावाने एखादा पदार्थ रांधायचा, अशी त्याची रीत. पुढे त्याने पाव-भात वर्ज्य असलेल्या कीटो आहाराच्या पाककृती दाखवायला सुरुवात केली आणि देशोदेशीच्या स्वयंपाकघरांत तो पोचला. एवढ्यावर तो थांबलेला नाही. 'वर्कशॉप' हा त्याचा दुसरा बँड निव्वळ विनोदी गाण्यांचा आहे. त्यांच्या अल्बमचं नाव 'खूनी मुर्गा'!