सहा तास आणि एक चिठ्ठी

येलदरी धरणाच्या आसपासच्या शिवारात पावसाळी पिकं गुडघ्याला लागली, की ‘पान लागलं’, म्हणजे साप चावला, म्हणत माणसं दवाखान्यात येऊ लागतात. इथून जिंतूर पंधरा-सोळा किलोमीटर, तिथून परभणीचं जिल्हा रुग्णालय आणखी चाळीसेक. या रस्त्यावर रुग्ण एका डॉक्टरच्या हातून दुसऱ्याच्या हाती जातो. त्याच्याबरोबर जाणारी चिठ्ठी कशी लिहिली आहे, यावर पुढचं बरंच काही ठरतं.

घोणस किंवा फुरसं चावल्याचा संशय असला, की प्राथमिक आरोग्य केंद्रातला डॉक्टर शिरेतलं दोन मिली रक्त काचेच्या नव्या, कोरड्या नळीत घेतो. प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली नळी चालत नाही. तिच्यात धडधाकट माणसाचं रक्तही गोठेल याची खात्री नसते. वीस मिनिटं नळीला हात लावायचा नाही. मग ती तिरकी करायची. रक्त पातळच राहिलं असेल, तर प्रतिविषाच्या १० कुप्या सलाईनमधून साधारण तासाभरात द्यायच्या, रिअॅक्शन आली तर म्हणून अॅड्रेनालिन शेजारीच तयार ठेवायचं. सहा तासांनी पुन्हा तीच चाचणी. रक्त तरीही गोठत नसेल, तर प्रतिविषाचा पुढचा डोस.

पण सहा तास भरतात तेव्हा रुग्ण परभणीत असतो. घड्याळ लावलं एकाने, पाहायचं दुसऱ्याने. चिठ्ठीवर नुसतं ‘सर्पदंश, पुढील उपचारासाठी’ एवढंच असेल, तर कॅज्युअल्टीतला डॉक्टर नातेवाइकांना विचारतो आणि उत्तर मिळतं, “दिली की लई इंजेक्शनं.” त्यात धनुर्वाताचं कोणतं, प्रतिविष किती, हे त्यांनी कसं सांगावं?

चांगली चिठ्ठी चार ओळींचीच असते. चावल्याची वेळ, नळीतल्या रक्ताचं काय झालं, प्रतिविष किती वाजता सुरू केलं आणि किती कुप्या गेल्या, रिअॅक्शन आली का, लघवी झाली का. काही सिस्टर सूज जिथवर चढली तिथे पायावरच बॉलपेनने रेघ मारून वेळ लिहितात. मला ही पद्धत फार मोलाची वाटते. ही नोंद वाटेत हरवत नाही.

नाग-मण्यारच्या दंशात चिठ्ठी पोचेपर्यंत थांबणंही परवडत नाही. पापण्या जड झाल्या, मान धरवेना, की श्वास केव्हाही अडू शकतो. महाराष्ट्रात २०१४पासून १०८ची गाडी आहे, पण व्हेंटिलेटरची खाट तयार ठेवायची, तर रुग्ण निघतानाच डॉक्टरने डॉक्टरला फोन करायला हवा.

उलटा निरोप मात्र क्वचितच येतो. घोणसाच्या विषाने मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, म्हणून घरी परतलेल्या माणसाच्या लघवीवर आणि क्रिएटिनिनवर लक्ष ठेवावं लागतं. जखमेच्या पट्टीसाठी तो गावाजवळच्याच केंद्रात येतो. डिस्चार्ज कार्डावर पुढची तपासणी कोणत्या तारखेला आणि कशाची, हे लिहिलेलं असेल, तर पट्टी बदलतानाच ती उरकता येते.