मातीच्या भट्टीचें अग्निस्नान

पेटत्या चुलीवर मातीचा माठ पालथा घालून त्यावर लांब रोटी भाजतांना आपण नागपुरांत पुष्कळदां पाहिलें असेल. करणारी बाई सैल भिजवलेली कणीक दोन्ही मनगटांवर झेलीत झेलीत हातभर लांबविते आणि अलगद त्या माठावर टाकते. रोटी उचलल्यावर माठाला चिकटून राहिलेले कण तेथेंच करपतात, जळतात आणि कोरड्या फडक्यानें झटकले कीं निघून जातात. तापलेल्या माठावर पाणी ओतलें तर तो तडकेल, हें तिला कोणी शिकवावें लागत नाहीं. मातीच्या भांड्याची शुद्धि पुन्हां भाजून होते, असें आपल्या जुन्या स्मृतिकारांनींहि सांगून ठेवलें आहे. त्यांचा शब्द ‘पुनःपाक’ असा आहे.

आज मला बोलावयाचें आहे तें या माठाच्याच एका परदेशी भावंडाविषयीं. जपानी भाषेंत चुलीला ‘कामादो’ म्हणतात. तिकडील झांकणाच्या मातीच्या भट्ट्या दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैनिकांच्या द्वारें अमेरिकेंत गेल्या. पुढें १९७४ सालीं अटलांटा शहरांत ‘बिग ग्रीन एग’ या नांवाची कंपनी निघाली, आणि अंड्याच्या आकाराची ही भट्टी जगभर पसरली. आपल्या शहरांतील कांहीं बंगल्यांच्या अंगणांतहि ती आतां दिसूं लागली आहे. जाड भिंतीचें भाजलेलें भांडें, त्यावर जड झांकण, हवा आंत घेण्यास खालीं एक खिडकी आणि धूर सोडण्यास वर एक झरोका, एवढीच तिची रचना. आंत लाकडी कोळसा पेटवून लोखंडी जाळीवर वांगीं, कणसें, मासे किंवा मांस भाजावें.

पावसाळाभर ही भट्टी झांकून ठेवलेली असते. नवरात्राच्या साफसफाईंत झांकण उघडावें, तों आंतून कुबट वास येतो. जुन्या चरबीवर पांढरी बुरशी माजलेली असते. अशा वेळीं घरांतील माणसांचा हात साहजिकच साबणाकडे जातो. तोच प्रथम आवरला पाहिजे. भाजलेली माती सच्छिद्र असते. ती साबणाचें पाणी पिऊन घेते आणि पुढच्या वेळीं तापली कीं तोच साबण अन्नाला देते. पेटविण्यासाठीं रॉकेल वापरूं नये, त्याचेंहि एक कारण हेंच आहे; दुसरें कारण भडक्याचें आहे.

मग स्वच्छता करावयाची कशी? अग्नीनेंच. तेल, चरबी, पीठ, मांस यांत कार्बन व हायड्रोजन हीं मूलद्रव्यें असतात. अडीचशें-तीनशें अंश सेंटिग्रेड उष्णतेंत अशा पदार्थांचा कोळसा होऊं लागतो. उष्णता याहून वाढली आणि हवा मिळाली, कीं तो कोळसाहि जळून वायुरूप होतो व चिमूटभर राख उरते. उलट साधीं कुंभारी भांडींहि आव्यांत ७०० ते ९०० अंशांपर्यंत भाजून निघालेलीं असतात. म्हणजे ज्या उष्णतेंत मळ टिकत नाहीं, त्या उष्णतेंत माती सुखरूप राहते. या एका भेदावर ही सारी रीत उभी आहे.

पण सुखरूप राहते ती कोरडी माती. पावसाळ्यांत तिनें ओल शोषलेली असते. पाण्याची वाफ झाली म्हणजे तिला मूळच्या सोळाशें पटींहून अधिक जागा लागते. भट्टी एकदम तापविली तर त्या वाफेस बाहेर पडावयास सवड मिळत नाहीं आणि भांड्यास चीर जाते. म्हणून पहिल्या दिवशीं मूठ-दोन मूठ कोळशांचा मंद विस्तव तासभर ठेवावा आणि भट्टी आपोआप निवूं द्यावी. अग्निस्नान दुसऱ्या दिवशीं.

त्या दिवशीं प्रथम जुनी राख काढावी. तळाशीं सांचलेली चरबी खरवडून टाकावी. ती राहिली तर स्वच्छतेऐवजीं वणवा पेटेल. कोळसा लाकडीच घ्यावा. आपल्या कामठी-उमरेडच्या खाणींतला दगडी कोळसा विजेच्या कारखान्यांत शोभतो. त्यांतील गंधकाचा धूर अन्नाच्या भांड्यांत नको. कागद व नारळाची करवंटी यांनीं विस्तव पेटवावा, झांकण लावावें, आणि दोन्ही झरोके हळूहळू उघडीत अर्ध्या-पाऊण तासांत उष्णता ३०० ते ३५० अंशांवर न्यावी. तेथें ती अर्धा तास राहिली कीं पुरे. जो मळ अगदीं जळून जात नाहीं, तोहि कोरडा व ठिसूळ होतो आणि मागाहून काथ्याच्या ब्रशानें सुटतो. अधिक उष्णतेचा हव्यास धरूं नये. झांकणाच्या कडेला जी मऊ पट्टी असते ती जळून जाते. तारेचा ब्रशहि टाळावा, कारण तुटलेली तार जाळीवर राहून घासाबरोबर पोटांत जाण्याचा संभव असतो.

आतां खऱ्या धोक्याकडे येतों. गेल्या वर्षीं हें सर्व यथासांग झाल्यावर मीं दोन्ही झरोके बंद केले. वीस मिनिटांनीं पाहिलें, तों धूर नाहीं, आवाज नाहीं. विस्तव विझला असें समजून मीं झांकण एकदम वर उचललें. त्याच क्षणीं ज्वाळेचा एक लोळ बाहेर आला. माझ्या भुंवया आणि उजव्या हातावरचे केंस जळाले, एवढ्यावर निभावलें. माझी सहा वर्षांची नात त्यापूर्वीं मिनिटभर माझ्या कोपराशीं उभी होती. आजीनें तिला दुधासाठीं हांक मारली म्हणून ती आंत गेली होती. त्या हांकेची आठवण झाली कीं आजहि माझ्या अंगावर कांटा येतो.

त्यांत भट्टीचा कांहीं दोष नव्हता. आगीला तीन गोष्टी लागतात: जळणारा पदार्थ, उष्णता आणि प्राणवायु. मीं झरोके बंद करून फक्त तिसरी गोष्ट काढून घेतली होती. निखारे धगधगीत होते, आणि अर्धवट जळालेले वायु झांकणाखालीं कोंडले होते. झांकण उघडतांच त्यांना हवा मिळाली आणि ते एकदम पेटले. यालाच ‘बॅकड्राफ्ट’ म्हणतात. धुरानें कोंडलेल्या बंद खोलीचें दार बंबवाले धाडकन उघडीत नाहींत, तें याच कारणानें. ही विद्या शिकविणारें राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय १९५७ पासून आपल्याच नागपुरांत आहे, आणि तिचा पहिला धडा मला माझ्या अंगणांत मिळावा, याची मला लाज वाटते.

उपाय सोपा आहे. झांकणाला हात लावण्यापूर्वीं वरचा झरोका आणि खालची खिडकी उघडून दोन-तीन मिनिटें थांबावें. मग बाजूला उभें राहून, चामड्याचे हातमोजे घालून, झांकण दोन बोटें वर उचलावें व पुन्हां टेकवावें. असें तीन-चार वेळां केल्यावरच तें पूर्ण उघडावें. पदर खोंचलेला असावा, कपडे सुती असावेत, आणि मुलें दहा हात दूर असावींत. आंत चरबी पेटलीच, तर पाणी मुळींच ओतूं नये. झांकण व दोन्ही झरोके लावून दूर व्हावें.

जागा उघडी असावी. वर मांडव किंवा झाडाची फांदी नसावी. वैशाखांतील दुपारच्या झळांत हें काम काढूं नये, कारण ठिणगी वाऱ्याबरोबर कोठें जाईल याचा नेम नसतो. थंडीच्या रात्रीं ऊब राहील म्हणून अशी भट्टी, किंवा साधी शेगडीसुद्धां, बंद खोलींत घेणें म्हणजे प्राणाशीं खेळ आहे. कोळशापासून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाहीं व वास नाहीं, आणि रक्तांतील हिमोग्लोबिनशीं तो प्राणवायूपेक्षां दोनशें पटींहून अधिक घट्ट बिलगतो. झोंपलेल्या माणसाला तो जागें होऊं देत नाहीं.

भट्टी निवण्यास रात्रभर लागूं द्यावी. राखेंत निखारा दुसऱ्या दिवशींहि जिवंत असूं शकतो, म्हणून ती झांकणाच्या पत्र्याच्या डब्यांत काढावी. केराच्या टोपलींत नव्हे. जाळीला तेलाचा पातळ हात द्यावा, म्हणजे ती गंजत नाहीं. पुढील पावसाळ्यापूर्वीं भट्टी कोरडी करून झरोके किंचित उघडे ठेवावेत, म्हणजे बुरशीला थारा मिळणार नाहीं.

माठाजवळ बसलेली ती बाई विस्तवाशीं कधीं घाई करीत नाहीं. ती जाळ पाहते, हात राखते आणि वेळ जाऊं देते. आमच्या नव्या भट्टीजवळ आतां तिची ती सवय मीं उचलली आहे. आणि झांकण उघडण्यापूर्वीं नात कोठें आहे, हें आधीं पाहतों.