जोडीनं वाचायचे आकडे

आमच्या लॅबमध्ये नवीन टेक्निशियन रुजू झाला की पहिल्याच आठवड्यात त्याच्याकडून एक गोष्ट घोटून घ्यावी लागते. कॅल्शियमसाठीचं रक्त जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये घ्यायचं नाही, आणि जांभळ्या ट्यूबमधलं रक्त दुसऱ्या ट्यूबमध्ये ओतायचं तर मुळीच नाही. त्या ट्यूबमध्ये ईडीटीए असतं. रक्त गोठायला कॅल्शियम लागतं आणि ईडीटीए नेमकं तेच धरून ठेवतं, म्हणून रक्त पातळ राहतं. हिमोग्लोबिन तपासायला ही मोठी सोय आहे. पण तेच रक्त कॅल्शियमसाठी मशीनवर चढलं तर आकडा इतका खाली येतो की तेवढ्या कॅल्शियमवर माणूस जगणं शक्य नाही. शिवाय ईडीटीए पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपात घातलेलं असल्यानं पोटॅशियम भलतंच वर गेलेलं दिसतं. सरावलेल्या माणसाला ही जोडी पाहताच कळतं की बिघाड पेशंटमध्ये नाही, ट्यूबमध्ये आहे.

पॅराथायरॉइड संप्रेरकाचं, म्हणजे पीटीएचचं, उलटं. ८४ अमिनो आम्लांची ही साखळी रक्त बाहेर काढल्यावर हळूहळू तुटत जाते, आणि ती जास्तीत जास्त वेळ शाबूत राहते ती याच जांभळ्या ट्यूबमध्ये. म्हणून एकाच सुईतून दोन ट्यूब भरायच्या, आधी पिवळ्या झाकणाची आणि मग जांभळी. पट्टाही फार वेळ आवळून ठेवायचा नाही. नस सापडत नाही म्हणून दंड दोन-तीन मिनिटं बांधून ठेवला तर पाणी नसेबाहेर झिरपतं, प्रथिनं दाट होतात आणि त्यांना चिकटलेलं कॅल्शियमही वाढलेलं दिसतं. अशा फुगलेल्या आकड्यामुळे एखाद्याच्या मागे पुढच्या तपासण्यांचं शुक्लकाष्ठ लागू शकतं.

मी पुण्यातल्या एका रुग्णालयाच्या बायोकेमिस्ट्री विभागात काम करते. बीपीच्या पेशंटचे कागद आमच्याकडे रोज येतात. त्यावर क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम, साखर, कोलेस्टेरॉल असं सगळं लिहिलेलं असतं. कॅल्शियम मात्र पुष्कळदा नसतं. अमेरिकेतल्या हृदयरोग संघटनांनी २०१७ साली रक्तदाबाबद्दल ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत नव्यानं बीपी निघालेल्या माणसाच्या मूलभूत तपासण्यांमध्ये कॅल्शियम आहे. ही काही महागडी तपासणी नाही. सीरमचे काही थेंब, एक रसायन, त्याचा बदललेला रंग मशीननं मोजायचा, की झालं. तरीही ती राहून जाते, याची मला खंत वाटते.

कारण रक्तदाब आणि कॅल्शियम यांची गाठ रक्तवाहिनीच्या भिंतीतच बांधलेली आहे. त्या भिंतीत स्नायूंच्या पेशी असतात. पेशीच्या आत मोकळं कॅल्शियम बाहेरच्या मानानं दहा हजारांतला एक भाग इतकंच असतं. पेशीच्या आवरणातली दारं उघडली की ते आत धावतं, तिथल्या प्रथिनांना जागं करतं आणि स्नायू आकसतो. वाहिनी अरुंद झाली की दाब चढतो. स्नायूला कॅल्शियम लागतं हे सिडनी रिंगर यांनी १८८३ सालीच बेडकाच्या हृदयावर दाखवलं होतं. लंडनच्या नळाच्या पाण्यात बनवलेल्या द्रावणात ते हृदय धडधडत राहिलं आणि शुद्ध पाण्याच्या द्रावणात मंदावून थांबलं, कारण नळाच्या पाण्यात कॅल्शियम होतं. पुढं १९६०च्या दशकात जर्मनीत आल्ब्रेख्ट फ्लेकेनश्टाइन यांनी ही दारं अडवणाऱ्या औषधांचं काम उलगडलं. घरोघरी माहीत असलेली ॲम्लोडिपिन ही त्याच कुळातली. बायका कलेक्शनच्या खिडकीपाशी हटकून विचारतात, ‘मॅडम, एक गोळी कॅल्शियम देते आणि दुसरी कॅल्शियम अडवते, मग दोन्ही कशा चालतील?’ चालतात. ॲम्लोडिपिन रक्तातलं कॅल्शियम कमी करत नाही. ती फक्त पेशीचं दार ओढून घेते.

रक्तातलं कॅल्शियम सांभाळायचं काम पॅराथायरॉइड ग्रंथींचं. मानेत थायरॉइडच्या मागच्या अंगाला साधारणपणे चार ग्रंथी असतात, मसुराच्या दाण्याएवढ्या, वजनाला प्रत्येकी ३० ते ५० मिलिग्रॅम. इतक्या लहान की शरीरशास्त्राच्या नजरेतून त्या फार काळ निसटल्या. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८४९ साली मेलेल्या भारतीय गेंड्याचं विच्छेदन करताना रिचर्ड ओवेन यांना त्यांतली एक दिसली. माणसातल्या ग्रंथींचं नीट वर्णन १८८० साली उप्सालाच्या इवार सँडस्ट्रॉम या वैद्यकीच्या विद्यार्थ्यानं केलं.

रक्तात कॅल्शियम जरा कमी झालं की या ग्रंथी पीटीएच सोडतात. ते हाडांतून कॅल्शियम सोडवतं, मूत्रपिंडाला ते अडवायला आणि फॉस्फेट बाहेर टाकायला लावतं, शिवाय ड जीवनसत्त्वाला कामाच्या रूपात आणून आतड्यातून शोषण वाढवतं. कॅल्शियम पुरेसं झालं की ग्रंथींवरचे ग्राहक ते ओळखतात आणि पीटीएच थांबतं. म्हणूनच या दोन आकड्यांकडे वेगवेगळं पाहून चालत नाही. कॅल्शियम ११.५ आलंय आणि पीटीएच ५५, असा रिपोर्ट घ्या. आमच्या संदर्भपट्ट्यात पीटीएच ६५पर्यंत नॉर्मल छापलेलं असतं, त्यामुळे कागदावर त्यापुढे लाल खूण उमटत नाही. पण इतकं कॅल्शियम असताना निरोगी ग्रंथी गप्प बसायला हव्यात, पीटीएच तळाला जायला हवं. ते ५५वर टिकून असेल तर ग्रंथी कुणाचं ऐकेनाशी झाली आहे. ती लाल खूण नाही म्हणून फाइल पुढे सरकू द्यायची नाही, एवढं मी प्रत्येक नव्या मुलाला सांगते. केस गळतात म्हणून घेतलेल्या गोळ्यांची चौकशीही करायची. त्यांत बायोटिन भरपूर असतं आणि पीटीएचच्या काही किटमध्ये त्यामुळे आकडा खोटाच खाली येतो.

पॅराथायरॉइड अशी मोकाट सुटलेल्या लोकांमध्ये उच्च रक्तदाब इतरांपेक्षा जास्त आढळतो. का, याचं एकच एक उत्तर नाही. पीटीएच टोचलं तर वाहिन्या तात्पुरत्या सैलावतात, दाब उतरतो. पण निरोगी स्वयंसेवकांना ते दिवसेंदिवस सलग दिलं तेव्हा दाब चढला, हे १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. संप्रेरक तेच, पण थोडा वेळ दिलं तर एक परिणाम आणि मुक्काम ठोकून राहिलं तर दुसरा. त्यात ॲल्डोस्टेरॉनची भर. पीटीएच अधिवृक्क ग्रंथीला ॲल्डोस्टेरॉन सोडायला चिथावतं, त्यानं मीठ अंगात राहतं आणि लघवीतून कॅल्शियम जास्त जातं, मग पीटीएच आणखी वाढतं. दोघं एकमेकांना हात देतात. वाढलेल्या कॅल्शियमनं मूत्रपिंडात खडे होतात आणि दुखावलेलं मूत्रपिंड स्वतःच बीपी चढवतं.

आता दुसरी बाजू, जी ऐकून लोक गोंधळतात. आहारात कॅल्शियम कमी असलं तरी बीपी वाढल्याचं दिसतं. अमेरिकेतल्या आहार-पाहणीच्या आकड्यांवरून डेव्हिड मॅकॅरन यांनी १९८४ साली हे मांडलं आणि त्यावर मोठा वाद झाला. रक्तात जास्त झालं तरी दाब आणि ताटात कमी असलं तरी दाब, हे कसं? पटण्यासारखं एक स्पष्टीकरण असं की ताटात कमी पडलं की पीटीएच आणि कामाच्या रूपातलं ड जीवनसत्त्व वाढतं आणि वाहिन्यांच्या पेशींत कॅल्शियम जास्त शिरतं. पण कॅल्शियमच्या गोळ्या देऊन पाहिलेल्या चाचण्यांत वरचा दाब सरासरी एक-दोन अंकांनीच उतरला. बीपीवर उपाय म्हणून कुणी कॅल्शियमची गोळी सुचवली तर ती मनावर घेऊ नये.

गरोदरपण मात्र याला अपवाद. ग्वाटेमालातल्या माया स्त्रिया मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात आणि त्यांच्यात गरोदरपणातले झटके कमी दिसतात, हे होसे बेलिसान आणि होसे व्हिलार यांनी १९८०मध्ये नोंदवलं. त्या धाग्यातून पुढं जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आली, की आहारात कॅल्शियम कमी असलेल्या गरोदर बायकांना रोज दीड ते दोन ग्रॅम द्यावं. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या बंगळुरू आणि टांझानियातल्या चाचण्यांत प्रत्येकी ११,००० बायका होत्या. गर्भारपणातलं बीपी आणि लघवीतली प्रथिनं, म्हणजे प्रीएक्लॅम्प्सिया, टाळण्यात ५०० मिलिग्रॅमची मात्रा दीड ग्रॅमपेक्षा कमी पडली नाही. दिवसाला तीन मोठ्या गोळ्या गिळायच्या की एक, हा फरक गावातल्या गरोदर बाईसाठी फार मोठा आहे.

आमच्या कामातला सगळ्यात घाईचा प्रसंग ऑपरेशनच्या दिवशी येतो. गेल्या पावसाळ्यातली एक केस सांगते. पन्नाशी ओलांडलेल्या बाई, बरीच वर्षं बीपी, दोन गोळ्या चालू, मुतखडा होऊन गेलेला, हाडं दुखतात ती वयामुळं असं धरून चाललेलं. कॅल्शियम ११.४ आलं. त्यांची एक गोळी नावापुढे ‘एच’ लावलेली होती, म्हणजे तिच्यात हायड्रोक्लोरोथायाझाइड. हे औषध लघवीतून जाणारं कॅल्शियम अडवतं, म्हणून फिजिशियननी आधी तीच बदलली आणि काही आठवड्यांनी रक्त पुन्हा मागवलं. कॅल्शियम तिथंच होतं आणि पीटीएच १६८. सोनोग्राफी आणि सेस्टामिबी स्कॅन दोन्हींत मानेच्या डाव्या बाजूला खालची ग्रंथी वाढलेली दिसली.

पीटीएच रक्तात फार टिकत नाही, चारेक मिनिटांत निम्मं होतं. त्यामुळे दोषी ग्रंथी निघाली की नाही हे पेशंट टेबलावर असतानाच कळू शकतं. चिरा देण्याआधी एक सॅम्पल, ग्रंथी सुटी करताना एक, आणि काढल्यावर पाच मिनिटांनी व दहा मिनिटांनी एकेक. सुरुवातीच्या सगळ्यात वरच्या आकड्यापेक्षा दहाव्या मिनिटाचा आकडा निम्म्याहून खाली आला तर सर्जन जखम शिवतात. नाही आला तर आणखी एखादी ग्रंथी दोषी आहे आणि शोध पुढे चालू.

त्या सकाळी मशीन इतर कामातून मोकळं ठेवलं होतं, कंट्रोल लावून झाले होते. ओटीचे मामा बर्फातली ट्यूब घेऊन जिन्यानं आले, लिफ्टची वाट पाहत थांबले नाहीत. ट्यूबवर वेळ लिहिलेली असावीच लागते, सेकंदासकट. वेळ नसलेल्या ट्यूबचा या कामात काही उपयोग नाही. सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायला काही मिनिटं आणि मशीनवर नऊ-दहा मिनिटं, एवढा वेळ वर सगळे थांबून असतात. मधल्या वेळात काढलेली ग्रंथी फ्रोझनसाठी शेजारच्या हिस्टोपॅथॉलॉजीत आली. तांबूस तपकिरी, मऊ, गॉझवर ठेवलेली, वजन एक ग्रॅमहून थोडं जास्त. निरोगी ग्रंथीच्या मानानं वीसपट तरी. सुरुवातीचा आकडा १८१ होता, पाचव्या मिनिटाला ७४ आला आणि दहाव्याला ३६. मी फोन केला, पलीकडून सिस्टरनी आकडा मोठ्यानं परत म्हणून घेतला. तोंडी दिलेला आकडा परत म्हणून घेतल्याशिवाय फोन ठेवायचा नाही, हा आमचा नियम.

दुसऱ्या दिवशी बाईंच्या ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या आल्या. कॅल्शियम ८.१. वर्षानुवर्षं लुटली गेलेली हाडं आता ते परत ओढून घेत असतात, आणि उरलेल्या ग्रंथी इतके दिवस झोपलेल्या असल्यानं जाग्या व्हायला वेळ घेतात. काही दिवस कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व द्यावं लागतं.

नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो, आता बीपीच्या गोळ्या बंद ना? याचं उत्तर जपून द्यावं लागतं. काहींचा दाब उतरतो, काहींचा जिथल्या तिथं राहतो, आणि अभ्यासांचे निष्कर्षही एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणूनच नुसतं बीपी आहे म्हणून पॅराथायरॉइडचं ऑपरेशन सुचवत नाहीत. पन्नाशीच्या आतलं वय, वरच्या मर्यादेपेक्षा एकाहून जास्त अंकांनी चढलेलं कॅल्शियम, ठिसूळ हाडं, खडे, मूत्रपिंडाचं घटलेलं काम, ही त्यामागची कारणं असतात. बाईंच्या बाबतीत खडे आणि हाडं हेच कारण होतं.

ऑपरेशननंतर सहा महिने कॅल्शियम नॉर्मल राहिलं तरच आजार बरा झाला असं धरतात. त्यांचं सहा महिन्यांचं सॅम्पल आलं, ९.४. मी पीटीएचही पाहिलं, ४८. मागच्या दोन गोळ्यांपैकी आता एकच उरली आहे, ॲम्लोडिपिन. तिला फिजिशियननी हात लावलेला नाही, कारण ताठरलेल्या वाहिन्या आणि इतकी वर्षं मार खाल्लेलं मूत्रपिंड ग्रंथी काढल्यानं पूर्ववत होईलच असं नाही.