भुयार किती वेळात भरेल?

रोल-प्लेइंग गेमसाठी पाण्याने भरणारे भुयार रचायचे असेल, तर नमुना म्हणून जयपूरजवळचे आमेर घ्या. तिथला महाल आणि डोंगरमाथ्यावरचा जयगड किल्ला भुयारी वाटेने जोडलेले आहेत, आणि जयगडावर पावसाचे पाणी साठवणारी मोठमोठी टाकी आहेत. खरी वाट संकटात निसटण्यासाठी होती, कुणाला बुडवण्यासाठी नव्हे. पण वर पाणी, खाली भुयार, एवढे आपल्याला पुरे.

समजा, भुयाराचा 20 मीटर लांब, 2 मीटर रुंद आणि 2.5 मीटर उंच भाग दोन्हीकडून दगडी दारांनी बंद झाला. घनफळ 100 घनमीटर. तळाशी 30 सेंमी × 30 सेंमी झडप उघडली; टाकीतील पाण्याची पातळी तिच्यापेक्षा 5 मीटर वर आहे. सुरुवातीचा वेग √(2gh), म्हणजे सेकंदाला 9.9 मीटर. विसर्ग गुणांक 0.6 धरला तर सेकंदाला सुमारे 0.53 घनमीटर पाणी येते. पाणी चढते तसा दाब कमी होतो, म्हणून संकलन केल्यावर उत्तर येते सुमारे 3 मिनिटे 40 सेकंद. खेळाडूंना घाम फुटायला उत्तम!

पण आतली हवा कुठे जाणार? बहुतेक काल्पनिक सापळे इथेच फसतात. भुयार खरोखर हवाबंद असेल, तर हवा दाबली जाते आणि बॉइलच्या नियमाने पाणी जेमतेम पाऊण मीटर चढून थांबते. मांडीपर्यंत पाणी, आणि सापळा संपला. त्यामुळे छताला झरोका हवाच. हवा पाण्याच्या सुमारे 800 पट हलकी असल्याने तळहाताएवढा झरोकाही चालतो. चतुर खेळाडू तो शोधून बुजवू शकतो. ही सुटका मी मुद्दाम ठेवीन.

दुसरी सुटका दारात आहे. 1 मीटर रुंद दारावर 1 मीटर पाण्याचा जोर ½ρgh²b, म्हणजे 4,905 न्यूटन. जवळजवळ 500 किलो वजनाइतका. दार पाण्याच्या बाजूला उघडणारे असेल तर चार जण ओढूनही ते हलणार नाही. पलीकडेही तितकेच पाणी आले, तरच जोर फिटतो.

हे गणित खेळापुरते नाही. जुलै 2024 मध्ये दिल्लीत एका शिकवणीच्या तळघरात पाणी शिरून तीन विद्यार्थी बुडाले. काही दिवसांतच जयपूरमध्ये घराच्या तळघरात तिघांचा जीव गेला. जोर खोलीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून पाणी घोट्याशी असतानाच बाहेर पडायचे असते.

स्वाध्याय: तुमच्या वाचनालयाचे किंवा वसतिगृहाचे तळघर पाहा. दार कुठल्या बाजूला उघडते? बाहेर 0.5 मीटर पाणी साचल्यास दारावर किती जोर येईल?