बाबूराव पेंटरांची बोलपटांतली वर्षं

वसई-विरारमध्ये गिरणीकामगारांची घरं पुष्कळ. गावाकडची शेती पुरेना किंवा हातची गेली, म्हणून आजोबा मुंबईला येऊन गिरणीत लागले, हे इथे घरोघरी ऐकायला मिळतं. हीच कहाणी १९२५ साली ‘सावकारी पाश’ या मूकपटात आली होती. कथा ना. ह. आपट्यांची, सावकाराने जमीन गिळलेला तरुण शेतकरी झाले होते व्ही. शांताराम आणि दिग्दर्शक कोल्हापूरचे बाबूराव पेंटर. त्यातली अंधुक उजेडातली झोपडी आणि विव्हळणारा कुत्रा निर्माते-दिग्दर्शक जे. बी. एच. वाडियांच्या मनातून कधी गेला नाही. आवाज नसलेल्या पडद्यावर विव्हळणं ऐकू यावं, ही ताकद चित्रकाराच्या नजरेची.

बाबूरावांबद्दल आपण बोलतो ते घरी बनवलेला कॅमेरा, ‘सैरंध्री’ हा मूकपट आणि टिळकांनी दिलेली ‘सिनेमा केसरी’ ही पदवी, एवढंच. १९२९ साली दामले, फत्तेलाल, धायबर, शांताराम हे शिष्य त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून बाहेर पडले, त्यांची ‘प्रभात’ फिल्म कंपनी उभी राहिली आणि आपलं सगळं लक्ष शिष्यांकडे गेलं. गुरू त्यानंतर जवळजवळ पंचवीस वर्षं जगले, याची दखल फारशी कुणी घेतली नाही.

बाबूरावांची महाराष्ट्र फिल्म कंपनी बंद पडली होती. वेशभूषेपासून पोस्टरपर्यंत सारं स्वतःच्या नजरेखाली करून घेणाऱ्या या माणसाला आता दुसऱ्यांच्या स्टुडिओत काम करायचं होतं, तेही संवाद आणि गाण्यांच्या जमान्यात. शालिनी सिनेटोनसाठी ‘उषा’ (१९३५) केला आणि लगेच १९३६ साली ‘सावकारी पाश’ पुन्हा, या वेळी बोलपट. पौराणिक चित्रपटांना हमखास प्रेक्षक असताना ते अकरा वर्षांनी त्याच कर्जबाजारी शेतकऱ्याकडे परतले. त्यांच्या उत्तरायुष्यातला हा निर्णय मला सर्वांत मोलाचा वाटतो. पाठोपाठ दुर्गा खोटे आणि केशवराव दात्यांचा ‘प्रतिभा’ (१९३७) आला. पुढे चित्रपट विरळ होत गेले. कुंचला आणि शिल्पकला मात्र सुटली नाही.

१९४७ साली ‘लोकशाहीर रामजोशी’ आला. जयराम शिलेदार, हंसा वाडकर, गदिमांची लेखणी, वसंत देसाईंचं संगीत. निर्मिती शांतारामांच्या राजकमलची. पडद्यावरचा तो शेतकरी आता स्टुडिओचा मालक होता आणि दिग्दर्शनात गुरुशिष्य दोघांचीही नावं लागली. चित्रपट तुफान चालला, मराठीत तमाशापटांची लाट आली. श्रेय बहुतेक शांतारामांच्याच पदरात पडलं, आणि हे मला अन्यायाचं वाटतं. ‘विश्वामित्र’ (१९५२) करतानाही बाबूराव साठी ओलांडून कामाला उभे होते. १६ जानेवारी १९५४ रोजी ते गेले.