गाडीचे सस्पेन्शन घरी बदलताना : आमचा अनुभव आणि काही पथ्ये



यंदा गणेशोत्सवात आरती झाल्यावर मंडळातल्या तरुण मुलांचा एक घोळका आमच्या गाडीभोवती जमला होता. "काका, सस्पेन्शन खरंच घरीच बदललंत? आणि किती खाली केलीत?" आम्ही सांगितले, "एक मिलिमीटरसुद्धा नाही." मुलांचे चेहरे पडले. प्रसाद वाटपाच्या गडबडीत कारण नीट सांगता आले नाही, म्हणून हा लेख. फेब्रुवारी २०२३ मध्ये हुसेनसागरच्या काठी फॉर्म्युला ईची शर्यत झाल्यापासून आपल्या घराघरांत वेगवान गाड्यांची चर्चा वाढली आहे. मुले इंटरनेटवरून सामान मागवतात आणि इमारतीच्या पार्किंगमध्ये काम सुरू करतात. आम्हीही तेच केले, आणि त्यात एक चूक केली. ती चूक सांगणे हाही या लेखाचा हेतू आहे.

आमची गाडी

आम्ही दोघे भाऊ, आई आणि दोघांची कुटुंबे काचीगुड्यात एकाच इमारतीत राहतो. आमच्याकडे फियाटची अबार्थ पुंटो आहे. ही गाडी पुण्याजवळच्या रांजणगावच्या कारखान्यात तयार झाली. दिसायला घरगुती पाच दारांची, पण आत १.४ लिटरचे टर्बो इंजिन आणि १४५ अश्वशक्ती. लाल-पांढरे पट्टे पाहून आई तिला 'बँडवाल्यांची गाडी' म्हणते.

बाबांच्या काळी आमच्याकडे प्रीमियर पद्मिनी होती. तीही मूळची फियाटच, मुंबईत कुर्ल्याला तयार झालेली. तिच्या मागच्या चाकांवर टांग्यासारखे कमानीचे पाटे होते. त्या पाट्यांना दरवर्षी तेल देणे हा बाबांचा दसऱ्याचा कार्यक्रम असे. गाडीखाली शिरायची सवय आम्हाला तिथून लागली.

गेल्या वर्षी तुळजापूरला जाताना नळदुर्गच्या अलीकडे लक्षात आले की गाडी खड्ड्यातून गेल्यावर दोन-तीन वेळा हिंदकळते आहे. ब्रेक लावला की नाक खाली जाते. पुढच्या डाव्या बाजूने खट्ट आवाज येतो. घरी येऊन पाहिले तर शॉकॉप्सरच्या अंगावर तेलाचा ओशटपणा होता. टायरवर हात फिरवला तर तो उंचसखल लागला. देवदर्शन झाले, पण आईची कंबर पुढे चार दिवस धरली होती. शॉकॉप्सर बदलणे आवश्यकच होते. प्रश्न एवढाच होता की होते तसेच बसवायचे की थोडे वरच्या दर्जाचे.

स्प्रिंग काय करते, शॉकॉप्सर काय करतो

नावामुळे आपला समज असतो की धक्का शॉकॉप्सर शोषतो. खरे तर धक्का आधी स्प्रिंग झेलते. ती दबते आणि धक्क्याची ऊर्जा स्वतःत साठवते. पण साठवलेले ती परतही करते, म्हणून नुसत्या स्प्रिंगवर गाडी पाळण्यासारखी झुलत राहील. ते झुलणे थांबवण्याचे काम शॉकॉप्सरचे. त्याच्या नळीत तेल असते आणि दट्ट्याला बारीक छिद्रे व झडपा असतात. दट्ट्या हलला की तेल त्या छिद्रांतून जोराने जाते आणि ऊर्जेची उष्णता होते. खराब रस्त्यावरून आल्यावर शॉकॉप्सर कोमट लागतो तो यामुळेच. आपल्याकडे हा उद्योग जुना आहे. गॅब्रिएल इंडिया ही कंपनी १९६१ साली मुंबईच्या मुलुंडमध्ये सुरू झाली.

पुढच्या चाकांना बहुतेक लहान गाड्यांत 'मॅक्फर्सन स्ट्रट' असतो. अर्ल मॅक्फर्सन या अमेरिकन अभियंत्याने १९४० च्या दशकात ही रचना विकसित केली. तिच्यात शॉकॉप्सर आणि स्प्रिंग एकाच खांबात असतात, आणि तो खांब चाक धरून ठेवायलाही मदत करतो. जागा कमी लागते, खर्च कमी येतो. मात्र शॉकॉप्सर काढायचा तर दबलेली स्प्रिंग सोडवावीच लागते. खरा धोका इथेच आहे.

आता थोडे गणित. समजा पुढच्या एका चाकावर ३५० किलो भार आहे आणि स्प्रिंग एक मिलिमीटर दाबायला २५ न्यूटन बल लागते. अशी गाडी सेकंदाला सुमारे १.३५ वेळा झुलेल. घरगुती गाड्यांचा आकडा साधारण १ ते १.५ असतो. स्प्रिंग ३० टक्के कडक केली तर तो १.५३ होतो, म्हणजे गाडी खेळाडू वृत्तीकडे झुकते. स्प्रिंग कडक झाली की ती उसळतेही जोरात, त्यामुळे तिला आवरणारा शॉकॉप्सरही तितकाच तगडा लागतो. नुसत्या कडक स्प्रिंगा घालून जुने शॉकॉप्सर ठेवले तर गाडी आधीपेक्षा जास्त उड्या मारते. म्हणून ही जोडी एकमेकांना साजेशीच घ्यावी.

आम्ही गाडी खाली का केली नाही

अबार्थ पुंटोचा ग्राउंड क्लिअरन्स कागदावर सुमारे १५५ मिलिमीटर आहे. दोन चाकांमधले अंतर अडीच मीटर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असावा, त्याची गोलाई १७ मीटर त्रिज्येची असावी. अशा गतिरोधकाच्या मधोमध गाडी आली की पोटाखालची जागा सुमारे ४६ मिलिमीटरने कमी होते. म्हणजे १०९ उरते, काळजी नाही.

पण आपल्या गल्ल्यांतले गतिरोधक नियम वाचून कोणी बांधलेले नाहीत. ते हातभर रुंद आणि वीतभर उंच असतात. त्यांच्यावर गोलाईचा फायदा मिळत नाही, उंची पूर्णच्या पूर्ण वजा होते. १२० मिलिमीटरचा असा उंचवटा आला तर १५५ मधले ३५ उरतात. त्यात चार माणसे, सामान आणि आईचा फराळाचा डबा बसला की तेही जातात. आता गाडी ३० मिलिमीटर खाली केली तर काय होईल, ते ज्याने त्याने मनाशी मांडून पाहावे. बंजारा हिल्सच्या चढ-उतारांवर आणि तळघरातल्या पार्किंगच्या उतरणीवरही हेच होते.

काही ठिकाणी स्प्रिंगचा एखादा वेढा कापून गाडी खाली करून देतात. हे कधीही करू नये. कापलेल्या स्प्रिंगचे टोक बैठकीत नीट बसत नाही आणि चाक अधांतरी झाले की स्प्रिंग जागेवरून सरकू शकते.

कायद्याची बाजूही लक्षात ठेवावी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणीतील तपशील उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. झिजलेला भाग बदलून त्याच मापाचा बसवणे वेगळे आणि गाडीचे रूप बदलणे वेगळे. शंका असेल तर सामान मागवण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीकडे विचारून घ्यावे.

हे सगळे पाहून आम्ही ठरवले की उंची मूळचीच ठेवायची, मूळ मापाच्या स्प्रिंगा नव्या घ्यायच्या आणि शॉकॉप्सर गॅस भरलेले, थोडे तगडे घ्यायचे. सोबत वरचे रबरी माउंट, बेअरिंग आणि धक्क्याचे रबर हेही नवे. आईची कंबर आणि आमची हौस, दोन्ही सांभाळायचे होते.

काम कसे केले

जागा सपाट आणि पक्की हवी. पुढची बाजू उचलायची तर मागच्या चाकांना दोन्हीकडून गुटके लावावेत. जॅक फक्त उचलण्यासाठी असतो. उचलल्यावर गाडी लोखंडी घोड्यांवर ठेवावी आणि हाताने हलवून खात्री करावी. विटा, दगड किंवा एकट्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये. चाकाचे बोल्ट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करून घ्यावेत.

चाक काढल्यावर ब्रेकचा पाइप आणि एबीएसची वायर स्ट्रटवरून मोकळी करावी. त्यांना ताण बसता कामा नये. स्टॅबिलायझर दांड्याची लिंक सोडवावी, मग खालचे दोन मोठे बोल्ट. बोल्ट काढण्याआधी त्यांच्या जागेभोवती खडूने किंवा रंगाने खूण करावी. शेवटी बॉनेटखालचे वरचे नट सोडवून स्ट्रट खाली घ्यावा. दांड्याच्या मधला मोठा नट या वेळी मुळीच सोडवू नये. दबलेल्या स्प्रिंगला धरून ठेवणारा तोच आहे.

आमची चूक

स्प्रिंग दाबायला आम्ही बाजारातून स्वस्तातला, दोन हुकांचा कॉम्प्रेसर आणला होता. हे दोन हुक स्प्रिंगच्या अगदी समोरासमोरच्या बाजूंना बसवावे लागतात आणि दोन्ही स्क्रू आळीपाळीने, थोडे थोडे आवळावे लागतात. आम्ही घाईत होतो. एक हुक थोडा तिरका बसला होता. एका बाजूचे स्क्रू आधी जास्त आवळले गेले. स्प्रिंग केळ्यासारखी वाकली आणि हुक सटकला.

स्प्रिंग पार्किंगच्या भिंतीवर आदळली. प्लास्टरचा तुकडा पडला. त्याच भिंतीला टेकून पाच मिनिटांपूर्वी आमचा बारा वर्षांचा पुतण्या पाने मोजत बसला होता. आईने पोहे खायला हाक मारली म्हणून तो वर गेला होता. आम्ही दोघे बराच वेळ काही बोललो नाही.

नंतर हिशेब मांडला. २५ न्यूटनची स्प्रिंग १०० मिलिमीटर दाबली की तिच्यावर सुमारे २५० किलोचा दाब असतो आणि तिच्यात १२५ ज्यूल ऊर्जा साठते. अडीच किलोची स्प्रिंग ही सगळी ऊर्जा घेऊन सुटली तर तिचा वेग ताशी ३६ किलोमीटर होईल, तोही हातभर अंतरावरून. बाजूला व्हायला वेळच मिळत नाही.

दुसऱ्या दिवशी दोन्ही स्ट्रट पोत्यात घालून ओळखीच्या उस्तादांकडे नेले. त्यांच्याकडे जमिनीला पक्का बसवलेला स्प्रिंगचा प्रेस आहे. सगळी हकीकत ऐकून ते एवढेच म्हणाले, "भाई, सब काम घर पे करो, इस्प्रिंग से मजाक नक्को." दोन्ही बाजूंचे काम त्यांनी तासाभरात करून दिले. आमचा सल्लाही हाच आहे : स्ट्रट घरी काढा, घरी बसवा, पण स्प्रिंग सोडवण्याचे काम प्रेस असलेल्या माणसाकडे द्या. आणि काम चालू असताना मुलांना जवळ ठेवू नका.

बसवताना

शॉकॉप्सर नेहमी जोडीने बदलावेत. एक नवा, एक जुना असला तर ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढते. मागचे काम तुलनेने सोपे आहे, कारण तिथे स्प्रिंग आणि शॉकॉप्सर वेगवेगळे आहेत. मागची बाजू घोड्यांवर ठेवून आडव्या बीमला खालून जॅकचा टेकू द्यावा, शॉकॉप्सरचे बोल्ट काढावेत आणि बीम हळूहळू खाली घ्यावा. स्प्रिंग पूर्ण सैल झाली की हाताने निघते. ब्रेकच्या पाइपवर मात्र नजर ठेवावी.

बोल्ट पुस्तिकेत दिलेल्या मापाने टॉर्क पान्याने आवळावेत, अंदाजाने नाही. रबरी बुश असलेले बोल्ट आधी फक्त हलके लावावेत आणि चाकांवर गाडीचा भार आल्यावरच पूर्ण आवळावेत. चाक लोंबकळत असताना आवळले तर भार आल्यावर रबराला कायमचा पीळ बसतो आणि ते लवकर फाटते.

सगळे झाल्यावर अलाइनमेंट करून घ्यावी लागते. खुणा केल्या तरी चाकाचा कोन थोडा बदलतोच, आणि न तपासता चालवली तर नवे टायरही एका बाजूने झिजतात. हेडलाइटचा झोतही तपासावा. शंभर किलोमीटर चालवून झाल्यावर आम्ही सगळे बोल्ट पुन्हा पान्याने पाहून घेतले.

आता गाडी कशी चालते

आमचे दोन रविवार गेले. गेल्या महिन्यात पुन्हा तुळजापूरला जाऊन आलो. गाडी खड्ड्यातून गेली की एकदाच बसते आणि स्थिर होते. आउटर रिंग रोडच्या उतरणीच्या वळणावर ती पूर्वीसारखी कलत नाही. परत आल्यावर आईला कंबरेचे विचारले. ती म्हणाली, "कंबर ठीक आहे. भिंतीचं प्लास्टर कधी करताय?"

ते अजून केलेले नाही. मंडळातल्या ज्या मुलांना हे काम करायचे असेल, त्यांनी आधी येऊन ती भिंत पाहून जावी. घोडे, टॉर्क पाना आणि गुटके आमच्याकडे आहेत, हवे तेव्हा न्यावेत. तो कॉम्प्रेसर मात्र आम्ही भंगारात दिला आहे.