घर गार ठेवायचे: कूलर घ्यावा की एसी?

वैशाखाचे ऊन तापू लागले की दुपारी अंगणात पाऊल ठेवता येत नाही. विदर्भात आणि मराठवाड्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. पत्र्याच्या घरात तर भट्टीत बसल्यासारखे होते. पूर्वी आपण ओसरीवर पाणी शिंपडायचो, दाराला वाळ्याची ताटी लावायचो आणि दिवस ढकलायचो. आता गावोगावी वीज आली. कूलर घरोघरी दिसतात आणि एसीही गावात शिरला आहे. लग्नात लेकीला एसी द्यावा का, कापसाचे पैसे आले की घ्यावा का, अशी चर्चा घरात होत असेल. पण घाई करू नका. दुकानात जाण्याआधी पुढच्या चार गोष्टी घरात बसून ठरवा.

आधी छप्पर पाहा

घरात शिरणारी बरीचशी उष्णता डोक्यावरून येते. तापलेल्या पत्र्याखाली कितीही मोठे यंत्र लावले तरी ते पत्रा गार करण्यातच दमते. मातीचे माळवद किंवा कौलारू घर मुळात गार असते. त्याला यंत्राची गरज कमी. पत्रा किंवा स्लॅब असेल तर उन्हाळ्यापूर्वी त्यावर चुन्याचे दोन हात द्या. पांढरा रंग ऊन परतवतो. खर्च थोडा आणि गुण मोठा. पत्र्याखाली छत मारून घेतले, पश्चिमेच्या भिंतीला दोडक्याचा किंवा कारल्याचा वेल चढवला, तर आणखी फरक पडतो. मात्र पत्र्यावर कडबा किंवा पाचट पसरताना आगीची भीती ध्यानात ठेवा.

तुमच्याकडची हवा कोरडी की दमट?

कूलर घ्यावा की नाही, याचे उत्तर येथेच मिळते. कूलर पाण्याची वाफ करून हवा गार करतो. हवा कोरडी असेल तर वाफ भराभर होते. अकोल्याची किंवा नागपूरची मे महिन्यातली ४४ अंशांची कोरडी हवा चांगल्या कूलरमधून ३० अंशांच्या आत-बाहेर येते. कोकणात हवेत आधीच पाणी भरलेले असते. तिथे कूलरने गारवा येत नाही, अंग मात्र चिकट होते. मृग बरसल्यावर देशावरही हाच अनुभव येतो.

कूलर लावताना एक चूक फार घरांतून दिसते. खोलीची दारे-खिडक्या बंद करून कूलर आत ठेवतात. मग तीच ओली हवा फिरत राहते. कूलर खिडकीबाहेर, सावलीत बसवा आणि समोरची खिडकी किंवा दार थोडे उघडे ठेवा. कोरडी हवा आत येऊन ओली हवा बाहेर गेली पाहिजे. एसीचे नेमके उलटे. त्याला खोली घट्ट बंद लागते.

पाण्याचाही हिशेब करा. मोठा कूलर कडक उन्हात तासाला दहा लिटर किंवा त्याहून जास्त पाणी पितो. जिथे टँकरची वाट पाहावी लागते तिथे हे पाणी कोण डोक्यावरून आणणार? घरच्या बाईला विचारूनच कूलरचा आकार ठरवा.

कूलरचा शॉक जीव घेतो

दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसे दगावल्याच्या बातम्या येतात. त्यांत लहान मुले असतात आणि पाणी भरायला गेलेल्या बायकाही असतात. लोखंडी पत्रा, पाणी आणि वीज एकत्र आली की वायरचा छोटासा दोषही प्राणावर बेततो. म्हणून हे नियम पाळाच:

- पाणी भरण्यापूर्वी नुसते बटण बंद करू नका, पिन काढून ठेवा.
- तीन पिनांचाच प्लग वापरा आणि घराचे अर्थिंग जाणत्या वायरमनकडून तपासून घ्या.
- मेन बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. करंट गळू लागताच तो क्षणात वीज तोडतो.
- अनवाणी किंवा ओल्या हाताने कूलरला हात लावू नका. शक्यतो प्लॅस्टिकच्या अंगाचा कूलर घ्या.

आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून घासा आणि कोरडी करा. डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो.

एसी घ्यायचाच असेल तर

एसीच्या ‘टना’चा वजनाशी संबंध नाही. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी काढण्याची ती ताकद. दहा बाय दहाच्या खोलीला एक टन पुरतो, बारा बाय पंधराला दीड टन. वर पत्रा असेल तर त्याहून जास्त लागेल. म्हणूनच छप्पर आधी म्हटले.

यंत्रावर ताऱ्यांची चिठ्ठी असते. तारे जास्त तेवढी वीज कमी. चिठ्ठीवर वर्ष छापलेले असते, तेही वाचा. ताऱ्यांच्या कसोट्या मधून मधून कडक होतात, त्यामुळे जुन्या सालचे पाच तारे नव्या पाचांच्या तोडीचे असतीलच असे नाही. वर्षाला किती युनिट लागतील तोही आकडा तिथेच असतो. तो १६०० तासांच्या वापराचा आहे.

आता बिलाचा हिशेब. दीड टनाचा एसी तासाला सुमारे एक ते दीड युनिट खातो. रात्री आठ तास चालवला तर महिन्याला तीनशे युनिटांच्या आसपास. दोनशे वॅटचा कूलर तेवढ्याच वेळात पन्नासच्या आत राहतो. शिवाय महावितरणचा घरगुती दर १०० आणि ३०० युनिटांनंतर चढतो. म्हणजे नुसते युनिट वाढत नाहीत, युनिटाचा भावही वाढतो. एसी २४ ते २६ अंशांवर ठेवून पंखा हळू फिरवला तर गारवा पुरतो आणि वीजही वाचते.

गावात खरी अडचण व्होल्टेजची. संध्याकाळी दिवे मिणमिणत असतील तर एसी धड चालणार नाही. चांगला स्टॅबिलायझर, डीपीवरचा भार, बोर्डापासून स्वतंत्र जाड वायर आणि मंजूर वीजभार वाढवून घेणे, हे सगळे खर्चात धरा. लाईट गेली तर घरातल्या साध्या इन्व्हर्टरवर एसी चालत नाही. लहान कूलर आणि पंखा चालतो. कंपनीचा माणूस दुरुस्तीला गावापर्यंत येतो का, हेही दुकानदाराला आधीच विचारा.

गारवा कोणासाठी?

सगळे घर गार करायचा हट्ट नको. एक खोली नीट करा. त्या खोलीत म्हातारी माणसे, तान्ही बाळे आणि गरोदर सून दुपारी विसावली पाहिजेत. उन्हाचा पहिला फटका त्यांनाच बसतो. पाहुण्यांच्या बैठकीत एसी आणि आजी पत्र्याखाली, असे होऊ देऊ नका. चुलीपुढे घाम गाळणाऱ्या घरच्या लक्ष्मीलाही त्या खोलीत दुपारी तासभर पाठ टेकता आली पाहिजे.

थोडक्यात, कोरड्या मुलखात आणि पाणी असेल तर कूलर. दमट मुलखात, वीज भरवशाची असेल आणि बिल झेपणार असेल तर एसी. आणि दोन्हींच्या आधी छपराला चुना!